हरवलेला रानपिंगळा आणि त्याचे राखणदार

खानदेशचा इतिहास सांगायचा म्हटला म्हणजे थाळनेरच्या फारुकी सुलतानांपासून आपण आरंभ करतो. मग लळिंगचा किल्ला येतो, सातपुड्यातील भिल्लांचे उठाव येतात, कापसाच्या पेठा येतात, आणि १९४२ साली नंदुरबारात हाती तिरंगा घेऊन गोळी झेलणारा शिरीषकुमार येतो. हे सारे सांगायलाच हवे. परंतु ह्याच खानदेशच्या इतिहासात एक पान साळुंकीएवढ्या एका पाखराचेही आहे. शाळेच्या पुस्तकात ते पान बहुधा सापडणार नाही. जगभरच्या पक्षितज्ज्ञांना मात्र ते तोंडपाठ आहे, आणि शहादा, तळोदा ही आपली गावे त्यांना ठाऊक आहेत ती ह्या पाखरामुळेच. त्याचे नाव रानपिंगळा. कोणी त्याला वनपिंगळा असेही म्हणतात.

साधा पिंगळा तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. गावातल्या निंबाच्या ढोलीत, पडक्या भिंतीच्या भोकात तो जोडीने राहतो, आणि दिवेलागणीला बाहेर येऊन असा काही कलकलाट करतो, की दोन शेजारणींचे भांडण जुंपले आहे असे वाटावे. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारोदार फिरणाऱ्या आणि भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपल्याकडे पिंगळाच म्हणतात. असा हा पिंगळा आपल्या ओळखीतला. रानपिंगळा हा त्याचा चुलतभाऊ समजा. पण त्याने गाव सोडले आणि रान धरले.

दोघांत फरक कसा करायचा, ते आधी ध्यानात घ्या, कारण पुढची सारी कथा ह्या फरकावरच उभी आहे. गावपिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते, रंगाने राखी-तपकिरी. त्याच्या छातीवर तपकिरी रंग दाट, आणि खाली पोट पांढरे. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे. डोके अंगाच्या मानाने मोठे, चोच आणि नखे दणकट, पायांवर पांढऱ्या पिसांचा जणू पायजमा. आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे त्याची रीत. घुबडाच्या जातीचा असूनही तो दिवसाउजेडी वावरतो. थंडीच्या दिवसांत सकाळी निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो, आणि तिथूनच सरड्यावर, उंदरावर, टोळावर झडप घालतो.

आता इतिहासाकडे वळू. १८७२ साली ब्लेविट नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने आज छत्तीसगडात मोडणाऱ्या मुलखात एक निराळाच पिंगळा टिपला. त्या काळची रीत अशी, की पक्षी मारायचा, त्याची कातडी सोलून कापूस भरायचा, आणि पायाला चिठ्ठी बांधून ती कातडी संग्रहात ठेवायची. ही कातडी गेली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांच्याकडे. हो, तेच ह्यूम, ज्यांचे नाव १८८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेच्या इतिहासात आपण वाचतो. हे गृहस्थ पक्ष्यांचे फार मोठे अभ्यासक होते. हिंदुस्थानातील पक्ष्यांच्या हजारो कातड्या त्यांनी सिमल्याच्या आपल्या घरी जमवल्या होत्या आणि पक्ष्यांविषयी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक ते चालवीत. १८७३ साली त्यांनी ह्या पाखराला शास्त्रीय नाव दिले, ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी’. ग्रीक भाषेतील त्या शब्दाचा अर्थ ‘निराळे घुबड’ असा होतो. पुढे ब्लेविटचे नाव तेवढे कायम राहिले.

ह्यानंतर आपला खानदेश ह्या कथेत येतो. त्या वेळी आजचे धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून एकच खानदेश जिल्हा होता. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पुढे १९०६ साली झाले. येथे जेम्स डेव्हिडसन नावाचे मुलकी अधिकारी होते. महसुलाची फिरती करता करता ते पक्षीही पाहत, आणि पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक यादी त्यांनी १८८२ च्या सुमारास ह्यूम ह्यांच्या नियतकालिकात छापली. तळोदा आणि शहादा भागातल्या जंगलात त्यांना रानपिंगळा मिळाला, आणि एकदा नव्हे, अनेकदा मिळाला. त्या काळी सातपुड्याचे रान पायथ्याच्या सपाटीपर्यंत उतरलेले होते. १८८४ पर्यंत साऱ्या जगात ह्या पाखराच्या जेमतेम सात कातड्या जमल्या, आणि त्यांतल्या बहुतेक आपल्या खानदेशातल्या होत्या.

आणि मग शुकशुकाट. १८८४ नंतर हे पाखरू कोणा अभ्यासकाला दिसले नाही. ह्यूम ह्यांच्या वर्षानुवर्षांच्या टिपणांची गतही ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या घरातल्या एका नोकराने ती हस्तलिखिते बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. पुष्कळ वर्षांची मेहनत पुड्या बांधण्यात गेली. हळहळून ह्यूम ह्यांनी १८८५ साली आपला सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

विसावे शतक उजाडले. डॉ. सालिम अली आणि त्यांचे अमेरिकन स्नेही डिलन रिप्ली ह्यांच्यासारख्या मातब्बरांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला. पाखरू काही सापडेना. बहुतेकांची समजूत झाली, की ही जात नष्ट झाली असावी. वर्षे एक नाही, दोन नाही, एकशे तेरा गेली.

श्रोतेहो, तुम्ही विचाराल, एवढ्या मोठ्या माणसांना पाखरू का सापडू नये? कारणे पुष्कळ असतील, पण त्यांतले एक कारण मोठे नवलाचे आहे. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाचा एक ब्रिटिश कर्नल होता. पक्षितज्ज्ञ म्हणून त्याची कीर्ती फार. त्याच्या संग्रहात रानपिंगळ्याची एक कातडी होती, आणि तिच्यावरच्या चिठ्ठीत लिहिले होते, की हा पक्षी १९१४ साली तापीकाठी मांडवी येथे मिळाला. मांडवी म्हणजे गुजरातेतील सुरतेकडची. साहजिकच रानपिंगळा शोधणाऱ्यांची नजर तिकडे गेली. पण ती चिठ्ठी खोटी होती!

पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषीने १९९० नंतरच्या दशकात त्या कातड्या एकेक करून तपासल्या. कातडी कशी सोलली, आत कापूस कसा भरला, टाके कसे घातले, ह्यांवरून ती कोणाच्या हातची हे ओळखता येते, जसे आपल्याला गोधडीचे टाके पाहून ती कोणत्या बाईच्या हातची ते कळते. माइनर्ट्‌झहागेनची कातडी मुळात डेव्हिडसनच्या हातची निघाली. म्हणजे खानदेशात एकोणिसाव्या शतकात मिळालेला पक्षी ह्या कर्नलाने म्युझियममधून चोरला, तो उसवून पुन्हा भरला, आणि त्यावर आपल्या नावाची, नव्या गावाची व नव्या सालाची चिठ्ठी बांधली. १९९९ साली रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नायजेल कॉलर ह्यांनी हा सारा प्रकार पुराव्यानिशी छापून उघड केला. तोवर कर्नल वारून तीसावर वर्षे झाली होती.

ती खोटी नोंद बाजूला केल्यावर शोधाची दिशा स्वच्छ झाली. जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवर जी गावे होती, तिथेच जायचे असे ठरले. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी त्यांनी आधी पाहिले. तिथे निराशा पदरी आली. मग ते आपल्या खानदेशात उतरले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर कोऱ्या डोक्याचा, जाड पायांचा तो पिंगळा उन्हात बसलेला किंग ह्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी! शहादा त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. तेव्हा हा शोध धुळे जिल्ह्याच्या खात्यावर मांडायला हरकत नाही.

येथवरची कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते, आणि ‘हरवलेले पाखरू सापडले’ असे म्हणून टाळ्या घेऊन संपवली जाते. मला त्यापुढचे सांगायचे आहे. पाखरू हरवले होते ते कोणाच्या लेखी? म्युझियमच्या लेखी, ग्रंथांच्या लेखी. पाखरू तर आपल्या झाडावर बसलेलेच होते. त्याच्या खालून गुरे चारायला जाणारी पोरे जात होती, मोहाची फुले वेचणाऱ्या बायका जात होत्या, लाकडाची मोळी घेऊन माणसे उतरत होती. दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसणारे पाखरू त्यांच्या नजरेला एकदाही पडले नसेल, हे संभवत नाही. पण ते पाहणे कोणी टिपले नाही, आणि त्यांना कोणी विचारल्याचे फारसे दिसत नाही. एका प्रतिष्ठित माणसाची खोटी चिठ्ठी जगाने साठ-सत्तर वर्षे खरी मानली, आणि शेकडो साध्या माणसांच्या खऱ्या पाहण्याला कागदच मिळाला नाही. रानपिंगळ्याच्या इतिहासातून आपण काही घ्यायचे असेल, तर ते हे. पाखराचा खरा राखणदार त्याच्या झाडाखालून रोज जाणारा माणूस असतो.

शोध लागल्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक ह्या भागात आले. फराह इश्तियाक आणि असद रहमानी ह्यांनी त्याच्या खाण्यापिण्याचा, घरट्याचा, पिलांचा अभ्यास केला. मागाहून इतरही अभ्यासक आले. तळोदा-तोरणमाळच्या रानांखेरीज जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यात, विदर्भातील मेळघाटात, मध्यप्रदेशातील बऱ्हाणपूर-खंडव्याकडच्या जंगलात हे पाखरू आढळले. २०१४ साली तर ते मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही दिसले. म्हणून जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून असलेली त्याची नोंद २०१८ साली एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ अशी करण्यात आली. पण म्हणून निर्धास्त होण्याचे कारण नाही. साऱ्या जगात प्रौढ रानपिंगळे हजाराच्या आतच असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, आणि मध्य हिंदुस्थानाबाहेर व पश्चिमेकडच्या ह्या रानांबाहेर ते कोठेही नाहीत. एखाद्या मोठ्या खेड्याच्या बाजाराला एका दिवसात ह्याहून जास्त माणसे जमतात!

आता हे पाखरू अडचणीत का आहे, ते पाहू. त्याला दाट अंधारे जंगल नको असते. सागाचे, सालईचे, धावड्याचे, मधूनमधून मोकळे असे पानझडीचे रान त्याला मानवते, आणि शेताच्या कडेपर्यंतही ते येते. म्हणजे त्याचे घर आणि आपली वस्ती ह्यांत अंतर थोडे. सपाटीवरचे रान मोडून शेते झाली, तेव्हा ते डोंगराच्या उतारावर सरकले. आता उतारही उघडे पडू लागले आहेत. दुसरे म्हणजे, त्याला घरटे बांधता येत नाही. जुन्या झाडाला आपोआप पडलेली किंवा सुतार पक्ष्याने कोरलेली ढोली त्याला लागते. ढोली काही रोपाला पडत नाही. त्यासाठी झाड म्हातारे व्हावे लागते, आणि म्हातारे, अर्धे वाळलेले झाड आपल्या डोळ्यांना सर्वांत आधी सरपण म्हणून दिसते.

तिसरी गोष्ट वणव्याची. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात. एका झाडाखालची आग वाऱ्याने साऱ्या डोंगरावर चढते. रानपिंगळ्याचा विणीचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्याच दिवसांत त्याच्या झाडाखाली आग लागते, आणि त्याचे भक्ष्य असलेले सरडे, सापसुरळ्या, किडे होरपळून जातात. चौथी गोष्ट उंदराच्या विषाची. विष खाऊन झिंगलेला उंदीर पकडायला सोपा. तो पिंगळ्याने खाल्ला, की विष पिंगळ्याच्या पोटात. पाचवी गोष्ट पोरांच्या हातातली गलोल. आणि सहावी आपल्या डोक्यातली अंधश्रद्धा.

अंधश्रद्धेविषयी थोडे बोलू. घुबड घराच्या आढ्यावर बोलले की अभद्र, असे आपण मानतो. घुबडाला दगड मारू नये, नाही तर ते तो दगड उचलून झिजवीत बसते, आणि दगड जसजसा झिजतो तसतसा मारणारा माणूस झिजतो, असेही म्हातारी माणसे सांगतात. ह्या दुसऱ्या समजुतीने निदान काही पाखरांचे प्राण वाचवले असतील! परंतु गुप्तधनासाठी, करणीसाठी, अवसेच्या पूजेसाठी घुबडे पकडून मारण्याचे प्रकार घडतात, त्यांचे काय? एकीकडे लक्ष्मीचे वाहन म्हणून चित्रात पुजायचे आणि दुसरीकडे लक्ष्मी मिळावी म्हणून त्याचाच गळा कापायचा, ही कोणती भक्ती? खरी लक्ष्मी तर ते पाखरू फुकट देते. उंदीर आणि टोळ खाऊन ते शेतकऱ्याचे धान्य राखते, आणि त्याची मजुरी मागत नाही.

येथे कोणी उभा राहून विचारील, “साहेब, पाखराचे सारे खरे, पण आमच्या पोटाचे काय? सरपण आणायचे नाही, मोह वेचायचा नाही, रान कसायचे नाही, तर आम्ही जगायचे कसे?” हा प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून पुढे जाणाऱ्याने पक्षिरक्षणाच्या गोष्टी करू नयेत. सातपुड्यातील माणसाने रानाकडून जेवढे घेतले, त्याहून कितीतरी पट शहरांनी आणि ठेकेदारांनी नेले आहे. पाखरासाठी माणसाला हुसकून लावा असे माझे म्हणणे नाही. जो पक्षी शेताच्या बांधापर्यंत येऊन राहतो, त्याच्यासाठी माणूस हलवण्याची गरजही नाही. रान कसे वापरायचे, ह्याचा गावाने मिळून एक करार करायचा, एवढीच गरज आहे.

असा करार होऊ शकतो का? होऊ शकतो, आणि त्याचा दाखला आपल्याच धुळे जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचे एक लहानसे आदिवासी गाव आहे. १९९० च्या सुमारास तिथले डोंगर उघडे पडले होते आणि पाण्यासाठी बायकांना दूरवर हिंडावे लागे. चैतराम पवार ह्या गावच्याच तरुणाने पुढाकार घेतला, आणि गावकऱ्यांनी बसून नियम ठरवले. झाड तोडायचे नाही. तोडील त्याला दंड. रानाची राखण गावानेच पाळीपाळीने करायची. कोणी वरून येऊन हुकूम केला नव्हता, म्हणून नियम टिकले. सुमारे ४४५ हेक्टर रान गावाने असे राखले. झाडे उभी राहिली, ओढ्यांना आणि विहिरींना पाणी आले. तिथे दरवर्षी रानभाज्यांचा उत्सव भरतो, आणि शे-दोनशे प्रकारच्या पाककृती घेऊन आसपासच्या पाड्यांवरच्या बाया येतात. २०२५ साली चैतराम पवार ह्यांना पद्मश्री जाहीर झाली.

बारीपाड्याने रान राखले ते पिंगळ्यासाठी नव्हे; पाण्यासाठी, भाजीसाठी, स्वतःसाठी राखले. पण जुने झाड उभे राहिले, की त्याला ढोली पडते. आणि ढोली पडली, की तिच्यात कोणी ना कोणी बिऱ्हाड करतेच. पाखरासाठी वेगळे रान आणि माणसासाठी वेगळे रान, अशी वाटणी करण्याचे कारणच नाही.

कायदाही ह्या कामी गावाच्या बाजूला आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपिंगळा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणाऱ्याला किंवा पकडणाऱ्याला तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा झाला दंडुका. पण नुसत्या दंडुक्याने राखण होत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मागता येतो, आणि त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे आपल्या रानातील ढोलीची झाडे तोडू नयेत, असा ठराव ग्रामसभा करू शकते. तिसरा कायदा २००२ चा जैवविविधतेचा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असते, आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावात कोणती झाडे, कोणते प्राणी, कोणती पाखरे, ते त्या वहीत लिहायचे. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात बंद आहे. ती बाहेर काढा.

आता काय काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो. ह्यातील एकाही गोष्टीला सरकारी अनुदान लागत नाही.

रानातील ज्या झाडांना ढोल्या आहेत, ती गावाने फिरून पाहावीत आणि ती सरपणासाठी तोडायची नाहीत असे ठरवावे. दहा वाळकी झाडे असतील तर आठ न्या, पण ढोलीची दोन उभी ठेवा. मोहाखालचा पाचोळा पेटवण्याऐवजी झाडून काढा, किंवा खाली जुनी साडी, जाळी अंथरा. फुलेही स्वच्छ मिळतील आणि भावही बरा येईल. वणवा दिसला तर तो सर्वांनी मिळून विझवावा आणि वनरक्षकाला कळवावे. उंदरांसाठी विष घालण्याआधी सापळे लावून पाहा. विष घातलेच, तर मेलेले उंदीर सकाळी गोळा करून खोल पुरा. गलोल पोरांच्या हातातून हिसकावू नका. तीच पोरे पाखरांच्या मागे फिरण्यात पटाईत असतात, त्यांना मोजणीच्या कामाला लावा. आणि रानपिंगळ्याचे घरटे ठाऊक झाले, तर ते गावभर आणि मोबाइलवरून जगभर सांगू नका. हौशी फोटोवाल्यांची गर्दी झाली, की पाखरू घरटे सोडून जाते. अशी बातमी वनखात्याच्या माणसाच्या आणि अभ्यासकांच्या कानी घालावी, तेवढे पुरे.

शिक्षक बंधुभगिनींना मात्र एक निराळी विनंती आहे. शाळेत एक पक्ष्यांची वही ठेवा. चार रकाने पुरेत: तारीख आणि वेळ, जागा, काय पाहिले, आणि कोणी पाहिले. मुलांनी येताजाता जे पाहिले ते त्यात लिहावे. वहीचा नियम एकच, की पाहिले तेवढेच लिहायचे. ओळखू आले नाही, तर ‘पिंगळ्यासारखा, डोक्यावर ठिपके दिसले नाहीत’ असे लिहावे. पण अंदाजाने नाव टाकू नये. माइनर्ट्‌झहागेनची गोष्ट मुलांना जरूर सांगा. एका खोट्या चिठ्ठीने थोर थोर माणसे भलत्याच रानात हिंडली, आणि डेव्हिडसनच्या खऱ्या चिठ्ठीने शंभर वर्षांनीसुद्धा योग्य जागी नेऊन पोचवले. खरे लिहिण्याची किंमत मुलांना समजावून सांगायला ह्याहून चांगला धडा कोणता? त्या वहीत अहिराणी, पावरी, भिली बोलींतली पाखरांची नावेही लिहून घ्या. आजोबा-आजींना विचारून आणायला सांगा. ती नावे एकदा गेली, की कोणत्याही म्युझियममध्ये सापडणार नाहीत.

वर्षाअखेर ह्या वहीतले सार गावच्या जैवविविधता नोंदवहीत उतरवावे. शहाद्याजवळ पाहिलेल्या पाखराची बातमी सातासमुद्रापार गेली, ती कोणी तरी नेमके पाहिले आणि नेमके लिहिले म्हणून. चोपड्याच्या, शिरपूरच्या, यावल-रावेरच्या, अक्राणी-तळोद्याच्या शाळांतून अशा पन्नास वह्या दहा वर्षे निष्ठेने भरल्या, तर सातपुड्यातील पाखरे वाढताहेत की घटताहेत, हे सांगायला बाहेरच्या कोणाची वाट पाहावी लागणार नाही.

श्रोतेहो, डेव्हिडसन आले आणि गेले, ह्यूम ह्यांचे कागद रद्दीत गेले, कर्नलाची लबाडी उघडी पडली, अमेरिकेतून माणसे आली आणि परत गेली. ह्या साऱ्या दीडशे वर्षांत जागचे हलले नाहीत ते दोघेच. एक तो रानपिंगळा आणि दुसरा त्याच्या झाडाखालून जाणारा आपला माणूस. आता त्या माणसाने वर पाहावे, पाखरू ओळखावे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर पोराकडून ते वहीत लिहून घ्यावे.